कर्जत-खालापूरचे भात नेमके कुठे अडते?

कर्जत स्थानकाला लागून असलेले भिसेगाव आज नगरपरिषदेच्या हद्दीत आहे आणि तिथली कितीतरी खाचरे इमारतींखाली गेली आहेत. पण वस्ती ओलांडून कशेळेच्या किंवा खालापूरच्या दिशेने निघाले, की जुलैत अजूनही दोन्ही अंगांना लावणी चाललेली दिसते. याच कर्जतला १९१९ पासून भातावर संशोधन होते आहे. इथल्या केंद्रात तयार झालेल्या जाती कोकणभर आणि कोकणाबाहेरही गेल्या. पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर पडतो. मुंबईची बाजारपेठ लोकलच्या अंतरावर आहे. एवढे सगळे हाताशी असताना एकाच शिवारात, एकाच जातीचे बी पेरून, एका शेतकऱ्याला एकरी आठ-दहा क्विंटल भात मिळते आणि बांधापलीकडच्याला त्याच्या दुप्पट. हा फरक कशामुळे पडतो, याचा आजवर अनेकांनी अनेक अंगांनी विचार केला आहे. तो सारा विचार कर्जत-खालापूरच्या खाचरांवर आणून तपासावा, असा या लेखाचा हेतू आहे.

आधी मोजायचे काय ते ठरवायला हवे. एकरी किती पिकले, हा शेतकऱ्याचा नेहमीचा हिशेब. त्या मापाने पाहिले तर महाराष्ट्र मागे आहे: राज्यात हेक्टरी सुमारे दोन टन तांदूळ निघतो, पंजाबात त्याच्या दुप्पट. पण एकरी उत्पन्न वाढवताना खर्च दुप्पट झाला तर शेतकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून रुपयामागे किती, मजुराच्या एका दिवसामागे किती आणि पाण्यामागे किती, हीही मापे लावावी लागतात. ज्या गावात जमीन थोडी आणि माणसे भरपूर, तिथे एकरी उत्पन्न हे माप खरे. कर्जतला आज उलटे झाले आहे. जमीन पडीक राहते आणि लावणीला माणूस मिळत नाही. अशा ठिकाणी मजुरीच्या दिवसामागचे उत्पन्न हे माप मला अधिक प्रामाणिक वाटते, आणि या लेखात त्याच मापाला झुकते स्थान दिले आहे.

या प्रश्नावरची जुनी चर्चा आपल्याच देशातल्या आकडेवारीवर उभी राहिली. १९५०च्या दशकात झालेल्या शेती-व्यवस्थापन पाहण्यांवरून अमर्त्य सेन यांनी १९६२ साली दाखवले, की लहान शेतात एकरी उत्पन्न मोठ्या शेतापेक्षा जास्त दिसते. कारण घरची माणसे मजुरीचा हिशेब न करता राबतात. दोनच वर्षांनी, १९६४ साली, थिओडोर शुल्ट्झ यांनी मांडले, की पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाताशी असलेल्या साधनांचा वापर तो काटकसरीने आणि शहाणपणाने करतो. त्याला नवी साधने मिळाली तरच पुढची पायरी गाठता येईल. त्याआधी १९५७ मध्ये फॅरेल यांनी एक मोजपट्टी सुचवली होती: तेवढ्याच साधनांत उत्तम शेतकरी किती पिकवतो ते पाहायचे आणि बाकीचे त्याच्या किती मागे आहेत ते मोजायचे. याच वाटेने कोएली आणि बॅटीज यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्याला जवळचा आहे. इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून ज्या गावांची शेती वर्षानुवर्षे नोंदवली, त्यांतली सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कानझरा ही दोन मराठी गावे त्यात होती. शेतकऱ्याचे वय, त्याचे शिक्षण आणि शेताचा आकार यांचा कार्यक्षमतेशी काय संबंध आहे, हे त्यांनी तपासले. गावातला सरासरी शेतकरी त्याच गावातल्या उत्तम शेतकऱ्याच्या बराच मागे असतो, असे त्यात दिसले. म्हणजे नवी साधने न आणताही, नुसत्या वापराच्या फरकात मोठे उत्पन्न अडकलेले असते.

ते कुठे अडकते, हे मात्र गावागावात बदलते. शिरापूरला पाण्यात अडकेल. कर्जतला?

पावसापासून सुरुवात करू. इतका पाऊस असूनही भात पावसावरच फसते, कारण प्रश्न एकूण पावसाचा नसून त्याच्या वाटणीचा असतो. जून कोरडा गेला तर रोप राबात, म्हणजे रोपवाटिकेत, म्हातारे होते, ऑक्टोबरात परतीचा पाऊस रेंगाळला तर कापलेले भात शेतातच उगवते. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार वादळाच्या दिवसांत कोकणात हेच झाले. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठची सखल खाचरे पुराने बसतात; २००५ आणि २०२१ची जुलै अखेर इथल्या लोकांच्या चांगली लक्षात आहे. याहून कमी बोलले जाते ते उन्हाबद्दल. भाताचा दाणा भरतो तो लोंबी पडण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांतल्या सूर्यप्रकाशावर. आमच्याकडे जुलै-ऑगस्टचे आभाळ दिवसच्या दिवस उघडत नाही. कितीही खत घातले तरी त्या काळोखात पान जितके अन्न तयार करू शकते त्याला मर्यादा आहे. पंजाबच्या भाताशी आपली तुलना करताना ही गोष्ट विसरता येणार नाही. तिथे भात कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर, पण उन्हात वाढते.

म्हणूनच उन्हाळी भाताचे उत्पन्न पावसाळीपेक्षा सरस येते आणि म्हणूनच राजनाल्याचे महत्त्व एवढे मोठे आहे. टाटांचे भिवपुरी वीजकेंद्र १९२२ साली सुरू झाले. सह्याद्रीपलीकडे मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधले, ते पाणी डोंगराच्या कड्यावरून खाली आणून वीज केली आणि सुटलेले पाणी कर्जत तालुक्यात आले. त्याच पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि त्याच्या काठच्या गावांना दुसरे पीक घेता येते. मावळातली शेती बुडून आलेले हे पाणी आहे, एवढी जाणीव ते वापरताना ठेवायला हवी. अडचण अशी, की वीजकेंद्रातून पाणी सुटते ते विजेच्या गरजेप्रमाणे, आणि कालव्याच्या दुरुस्तीची कामे निघतात ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. डिसेंबरात रोप टाकावे की नाही, हे शेतकऱ्याला नोव्हेंबरात कळले पाहिजे. पाणी येणार आहे की नाही हे जिथे जानेवारीपर्यंत कळत नाही, तिथे ते आले तरी अर्धे वाया जाते. पाणी किती, यापेक्षा पाणी कधी आणि किती खात्रीने, हा खरा प्रश्न आहे.

आता जमीन आणि जात यांचा मेळ. कोकणच्या शेतकऱ्याने भाताची विभागणी पूर्वीपासून हळवे, निमगरवे आणि गरवे अशी केली आहे आणि ती पूर्णपणे शास्त्रीय आहे. डोंगराच्या पायथ्याशी वरच्या अंगाला माती उथळ असते, पाऊस थांबला की आठ-पंधरा दिवसांत खाचर कोरडे पडते. तिथे शंभर ते सव्वाशे दिवसांचे हळवे भात हवे. खाली सखल भागात पाणी नोव्हेंबरपर्यंत टिकते, तिथे गरवे. ज्याने हा मेळ मोडला त्याचे उत्पन्न पडते, मग बी कितीही सुधारित असो. वरच्या खाचरात गरवे लावले तर लोंबी भरतानाच पाणी तुटते आणि पळंज निघते. सखलात हळवे लावले तर ते सप्टेंबरच्या पावसात पिकून लोळते.

कर्जत केंद्राच्या कामाचे मोल इथे समजते. सुरुवातीच्या दशकांत या केंद्राने कोळंबा, झिनी यांसारख्या स्थानिक जातींतून निवड करून कोळंबा-४२, झिनिया-३१ असे वाण काढले. ते उंच वाढत, खत जास्त झाले की लोळत. १९६६ साली फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ ही बुटकी जात दिली आणि जगभर भाताची ठेवणच बदलली. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झाले, कर्जतचे केंद्र त्याच्याकडे आले, आणि इथल्या पावसाला व मातीला मानवतील अशा बुटक्या जाती एकामागून एक आल्या. कर्जत-१८४, कर्जत-३ आणि कर्जत-७ हळव्या, कर्जत-५ निमगरवी, कर्जत-२ गरवी. १९९८ साली सह्याद्री हा संकरित भात आला आणि पुढे त्या मालिकेत आणखी वाण निघाले. खारेपाटाच्या जमिनीसाठी पनवेलच्या केंद्राने वेगळ्या जाती दिल्या, तो इथला विषय नाही.

या यादीतून माझा पहिला निष्कर्ष निघतो: बियाणे ही इथली सर्वांत घट्ट गाठ राहिलेली नाही. संकरिताचे बी दर वर्षी विकत घ्यावे लागते, सुधारित जातीचे बी तीन-चार वर्षांनी बदलावे लागते, आणि ते न बदलणारे शेतकरी अजून आहेत, हे खरे. पण जात माहीत आहे, बी मिळते आणि तरीही उत्पन्न अर्ध्यावर येते, अशी शेते त्याहून जास्त आहेत. रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचा एकोणिसाव्या शतकातला नियम असा, की वनस्पतीची वाढ तिला ज्या घटकाची सर्वांत जास्त टंचाई असते त्यावर ठरते. बाकीचे घटक वाढवून उपयोग होत नाही. कर्जतला टंचाई कशाची आहे, ते जुलै महिन्यात शेतावर गेले की कळते.

ती आहे वेळेची. भाताचे रोप साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांचे असताना लावावे, हे कृषी सहायक सांगतो आणि शेतकरी जाणतो. प्रत्यक्षात कितीतरी खाचरांत ते पस्तीस-चाळीस दिवसांचे होऊन जाते. यात काय बिघडते? सुधारित हळव्या जातीचे आयुष्य ठरलेले असते. एकशे दहा दिवसांची जात चाळीस दिवस राबात दाटीवाटीने उभी राहिली, तर फुटवे फुटण्याचा काळ तिथेच संपतो. लावल्यावर ती फुटण्याआधी पोटरीत येते. चुडाला पंधरा फुटवे यायचे तिथे पाच-सहा येतात. गरवी जात हा उशीर थोडाफार पचवते, जुन्या उंच गरव्या जाती तर चांगलाच पचवत. हळवी जात अजिबात पचवत नाही. म्हणजे ज्या सुधारित हळव्या जातींनी वरच्या खाचरांचे उत्पन्न वाढवायचे, त्यांनाच वेळेवर लावणीची गरज सर्वांत जास्त. बियाण्याने दिलेले दान उशीर परत घेतो, आणि खते, औषधे यांवर नंतर केलेला खर्च ते भरून काढू शकत नाही.

लावणी उशिरा का होते? पाऊस लांबतो हे एक कारण. पण पाऊस वेळेवर आला त्या वर्षीही ती लांबते, कारण चिखळणीला ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर आणि लावणीला बाया एकाच पंधरवड्यात सगळ्या गावाला हव्या असतात. घरातला तरुण खोपोली-रसायनीच्या कारखान्यात किंवा लोकलने मुंबईला जातो. ठाकर आणि कातकरी कुटुंबे पूर्वी लावणीला हमखास मिळत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबे पावसाळ्यात परत येतात, पण त्यांचीही पुढची पिढी आता बांधकामाकडे आणि फार्महाऊसच्या कामाकडे वळली आहे, आणि ते त्यांच्या भल्याचेच आहे. दिवसभर पावसात वाकून रोप लावण्याचे काम बायका करतात, त्यांच्या कंबरेचा हिशेब कुठल्याच उत्पादन खर्चात धरला जात नाही. मजुरी वाढली याबद्दल तक्रार करणाऱ्यांनी एक दिवस ते काम करून पाहावे. मजूर स्वस्त मिळावा ही मागणी चुकीची आहे; त्याच मजुरीत काम हलके आणि अधिक फळणारे कसे होईल, हे शोधायला हवे.

राबाचा मुद्दा इथेच घेतो. पालापाचोळा, कवळ, शेण आणि माती यांचे थर देऊन राब भाजायचा आणि तिथे रोप टाकायचे, ही घाटाखालची जुनी रीत. भारतीय शेतीवरच्या १८९३च्या अहवालात व्होल्कर यांनी तिची दखल घेतली होती, आणि पुण्याच्या शेती महाविद्यालयातल्या हॅरॉल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर १९१२ मध्ये राबावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. माती तापल्याने काय घडते, तण कसे मरते आणि रोप का जोमाने येते, हे त्यातून पुढे आले. शेतकरी अडाणीपणाने जंगल जाळतो, असे त्या काळचे वनखाते समजत असे, तेव्हा राबामागे कारण आहे हे दाखवणे महत्त्वाचे होते. आज मात्र कवळ तोडून, वाहून आणून भाजायला माणूस नाही आणि जंगलालाही ते परवडत नाही. गादीवाफ्यावर बी टाकून रोप करणे हा त्याला चांगला पर्याय आहे आणि तो इथे बऱ्यापैकी रुजला आहे.

खताची कथा मला या सगळ्या आढाव्यातली सर्वांत शिकवणारी वाटते. पाण्याने भरलेल्या खाचरात युरिया फेकला, की त्यातला मोठा भाग अमोनिया होऊन हवेत जातो, काही वाहून जातो, काही झिरपतो. भाताला मिळतो तो जेमतेम तिसरा हिस्सा. तीन हजार मिलिमीटर पावसात तर एका रात्रीच्या सरीने सगळी मात्रा शेजारच्या ओढ्यात जाते. युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून हे नुकसान खिशाला जाणवत नाही. सरकारी तिजोरीला आणि नदीला जाणवते. या दुखण्यावर मृदाशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी कोकणासाठी चारसूत्री भात लागवड बसवली. पहिले सूत्र, रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घालायची. तिच्यातल्या सिलिकाने रोप कणखर होते. दुसरे, गिरिपुष्पाचा पाला चिखळणीआधी शेतात गाडायचा. तिसरे, दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून अंतर ठेवत नियंत्रित लावणी करायची. चौथे, युरिया आणि डीएपी यांची २.७ ग्रॅमची गोळी, म्हणजे ब्रिकेट, प्रत्येक चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत, एकदाच. चिखलात खोल गेलेले नत्र वाहत नाही, उडत नाही, आणि मुळांना हळूहळू मिळत राहते. अशाच खोल खोचलेल्या युरियाच्या गोळ्या बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या.

या तंत्रात शास्त्र पक्के आहे, साहित्य गावातले आहे, खर्च वाढत नाही आणि उत्पन्न वाढते. मग ते प्रत्येक खाचरात का दिसत नाही? ६२,५०० हा आकडा पुन्हा वाचावा. तेवढ्या वेळा कोणीतरी वाकायचे आहे. शिवाय दोरीवरच्या लावणीला वेळ जास्त लागतो आणि लावणीच्या गर्दीत गुत्त्याने काम घेतलेली टोळी दोरीला तयार होत नाही. ज्या घरात माणसे आहेत तिथे चारसूत्री टिकली. सेन यांनी १९६२ साली जे सांगितले ते इथे दिसते: लहान शेतकऱ्याची एकरी आघाडी घरच्या हातांवर उभी असते. ते हात बाहेर पडले की आघाडीही जाते. उत्तम तंत्र मजुरीच्या दिवसावर भार टाकत असेल, तर कर्जतला ते फार पसरणार नाही, हे तंत्र ठरवणाऱ्यांनी मान्य करायला हवे.

नेमक्या उलट टोकाने विचार केला तो नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी. त्यांच्या सगुणा राईस तंत्रात चिखळणी नाही आणि लावणीही नाही. एकदा गादीवाफे तयार करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर खुणा पाडून बी टोकायचे, आणि कापणीनंतर मुळे तशीच जमिनीत राहू द्यायची. पुढच्या वर्षी नांगर घालायचा नाही. कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहतात, गांडुळे वाढतात, माती भुसभुशीत होते. वर्षानुवर्षे चिखळणी केल्याने खाली जो कडक थर बसतो आणि त्यामुळे पुढच्या पिकाची मुळे अडतात, तो प्रश्नही सुटतो. लावणीचा पंधरवडाच रद्द झाल्याने उशिराचा तोटा मुळातूनच जातो. माझ्या मते कर्जत तालुक्यातून गेल्या काही दशकांत निघालेली ही सर्वांत महत्त्वाची शेती-कल्पना आहे, कारण तिने टंचाई कशाची आहे ते ओळखले. तिची नाजूक बाजू तणांची आहे. चिखलातले उभे पाणी तणाला दाबते. ते नसले की तणनाशकावर भिस्त येते, आणि पाऊस संततधार असेल तर फवारणीची वेळ साधणे अवघड जाते. अगदी सखल, पाणी साचणाऱ्या खाचरात हे तंत्र कितपत चालते, हे प्रत्येकाने लहान तुकड्यावर पाहूनच ठरवावे. लावणीयंत्र हा तिसरा मार्ग आहे. त्याला ट्रेमधले रोप आणि सपाट, मोठी खाचरे लागतात, म्हणून डोंगराकडेच्या चिंचोळ्या खाचरांत ते फिरत नाही.

कीड-रोगांवर फार थांबत नाही. करपा, कडा करपा, खोडकिडा, तुडतुडे हे सगळीकडचेच; युरिया जास्त झाला की ते वाढतात, म्हणजे हा प्रश्नही अर्धा खताचाच. इथला खास शत्रू खेकडा. तो रोपे कापतो आणि बांध पोखरतो, आणि बांध फुटला की पाणी आणि खत दोन्ही जाते. बांधबंदिस्ती हे जुने, कंटाळवाणे काम उत्पन्नात किती भर घालते, याचा अंदाज ते सोडून दिल्यावरच येतो.

भातानंतरचे पीक हा मात्र मोठा सुटलेला धागा आहे. कापणीनंतर अंगओलीवर वाल घेण्याची इथली रीत जुनी. पाणी न देता, थंडीच्या दंवावर वाल येतो, बाजारात चांगला विकला जातो, आणि द्विदल असल्याने जमिनीला नत्र देतो. तरीही नोव्हेंबरानंतर मैलच्या मैल शेत उघडे पडलेले दिसते. कारण गावाने गुरे मोकळी सोडलेली असतात. एकट्याने वाल पेरला तर तो गुरांसाठीच पेरला जातो. सगळ्या शिवाराने मिळून पेरायचे ठरवले तरच प्रत्येकाचे पीक वाचते. हा निर्णय ग्रामसभेचा आहे, त्याला ना अनुदान लागते ना संशोधन.

आता जमिनीच्या मालकीकडे येतो. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. तिथे १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकरांची असलेली धारणा १९१५च्या सुमारास सात एकरांवर आली होती. राज्यभराची सरासरी १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ झाली. १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला, पण भाऊबंदकीतल्या तोंडी वाटण्यांना त्याने फारसे रोखले नाही. चार गुंठे इथे, सहा गुंठे ओढ्यापलीकडे, अशा तुकड्यांत ट्रॅक्टर वळवायला जागा नसते. सेन यांच्या काळात लहान आकार हे बळ होते. यंत्र आणि मजूरटंचाईच्या काळात तोच आकार आड येतो.

त्याहून खोल प्रश्न भरवशाचा आहे. रायगड, म्हणजे तेव्हाचा कुलाबा, हा खोतीचा जिल्हा. अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेते ओसाड ठेवून संप केला. खोताच्या घरी जाणारे पीक वाढवण्यासाठी कूळ राबणार नाही, हे त्या संपाने दाखवून दिले. १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, आणि ते न्याय्यच झाले. त्याच कायद्याची एक सावली मात्र आज उत्पादनावर पडते. मुंबईत नोकरी करणारा मालक आपली जमीन दुसऱ्याला लेखी खंडाने द्यायला घाबरतो. कूळ लागेल अशी भीती. मग एक तर जमीन पडीक ठेवतो, नाहीतर एका हंगामापुरती तोंडी, अर्धेलीने देतो. एका हंगामाचा वाटेकरी गिरिपुष्प लावणार नाही, बांध घालणार नाही, गादीवाफे करणार नाही, कारण त्यांचे फळ पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हाती जाणार. २०१६ साली निती आयोगासाठी टी. हक यांच्या समितीने मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्याला मुदतीचा लेखी करार, पीककर्ज आणि विमा मिळेल असा आदर्श कायदा सुचवला. कर्जत-खालापूरला त्याची गरज जितकी आहे तितकी फार थोड्या तालुक्यांना असेल.

आणि जमीन शेतीसाठी राहील की नाही याचा भरवसा नाही. द्रुतगती मार्ग झाल्यापासून खालापुरात, आणि मग कर्जतभर, प्लॉटिंग आणि फार्महाऊस पसरले. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. दहा क्विंटल भाताचे २०२५-२६च्या २,३६९ रुपये हमीभावाने २३,६९० रुपये होतात आणि त्यातूनच नांगरणी, लावणी, कापणी, झोडणी भागवायची असते. पण विकल्या गेलेल्या तुकड्याचा परिणाम उरलेल्यांच्या उत्पन्नावर होतो, याकडे कोणी पाहत नाही. खाचरे एकमेकांना बांधलेली असतात. वरच्या खाचराचे पाणी मोऱ्यांतून खालच्यात उतरते. मधल्या प्लॉटवर भराव पडला, कुंपणाची भिंत उभी राहिली, की वरचा बुडतो आणि खालचा सुकतो. अशा शेताचा मालक कितीही हुशार असो, त्याची कार्यक्षमता शेजाऱ्याच्या भरावावर ठरते.

शेवटी ज्ञानाबद्दल. लॉकहीड, जेमिसन आणि लाउ यांनी १९८० साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा चार वर्षांच्या शालेय शिक्षणाने शेतीचे उत्पन्न सरासरी ७.४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. जिथे शेतीची रीत बदलते आहे तिथे हा फायदा मोठा, जिथे ती ठरलेली आहे तिथे नगण्य. फॉस्टर आणि रोझेन्झ्वाइग यांनी १९९५ मध्ये भारतीय गावांच्या माहितीवरून दाखवले, की शेतकरी नव्या जातीबद्दल स्वतःच्या अनुभवाबरोबरच शेजाऱ्याच्या अनुभवातून शिकतो. कर्जतला शंभर वर्षांचे केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. तिथला शिवारफेरीचा दिवस आणि बांधावरची चर्चा यांचा उपयोग पुस्तिकेपेक्षा जास्त होतो. तरीही ज्या बायका रोप लावतात, बेणतात, मळणीला उभ्या राहतात, त्या अशा फेऱ्यांना क्वचितच बोलावल्या जातात. तंत्र हाताने करायचे असते. ते ज्यांच्या हाती आहे त्यांना शिकवले नाही, तर कोणाला शिकवणार?

तेव्हा माझा निर्वाळा असा: कर्जत-खालापूरला नवे बी मिळाले तर स्वागतच आहे, पण भात अडले आहे ते लावणीच्या पंधरवड्यात, त्या वेळी न मिळणाऱ्या हातांत आणि उद्या जमीन कोणाची असेल याच्या अनिश्चितीत. ग्रामपंचायतींनी नोव्हेंबरच्या ग्रामसभेत मोकाट गुरांचा ठराव करावा. पाटबंधारे खात्याने राजनाल्याच्या पाण्याच्या तारखा दिवाळीपूर्वी जाहीर कराव्यात आणि त्या पाळाव्यात. महसूल खात्याने खाचरांतला भराव परवानगीशिवाय पडू देऊ नये. आणि विधिमंडळात या भागाचे प्रतिनिधित्व करणाऱ्यांनी मुदतीच्या लेखी खंडकराराचा कायदा लावून धरावा.